पत्रकात ‘आयरिस एक्सई + ३०५०, १२ जीबी ग्राफिक्स, ९५ वॅट’. लॅपटॉपमध्ये दिसतंय वेगळंच. यातलं खोटं नेमकं काय?

कृष्णाकाठ_सांगली

नमस्कार मंडळी. सॉलिडवर्क्स (यंत्रभागांचं डिझाइन) आणि ब्लेंडर (थ्रीडी चित्रं) या सॉफ्टवेअरांसाठी घेतलेल्या लॅपटॉपबद्दल विचारायचंय. खरेदी ऑनलाइन नाही, सांगलीतल्या दुकानातली आहे. बिल, खोकं आणि दुकानाचं छापील पत्रक तिन्ही जवळ आहेत.

पत्रकात आहे: कोअर आय५ बारावी पिढी, १६ जीबी रॅम, ‘इंटेल आयरिस एक्सई + एनव्हिडिया आरटीएक्स ३०५०’ (पहिलं प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स, दुसरं वेगळं कार्ड), ‘१२ जीबी ग्राफिक्स’, ‘९५ वॅट’.

प्रत्यक्षात दिसतंय ते असं. टास्क मॅनेजरात जीपीयू (ग्राफिक्स चिप) ० म्हणजे ‘इंटेल यूएचडी ग्राफिक्स’, आयरिसचं नाव कुठेच नाही. जीपीयू १ म्हणजे ‘आरटीएक्स ३०५० लॅपटॉप जीपीयू’, त्यात डेडिकेटेड मेमरी ४.० जीबी, शेअर्ड ७.८ जीबी. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर ६० वॅट. आणि जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बस इंटरफेसच्या चौकटीत ४.० च्या पुढे ‘१.१’ असं काहीतरी येतंय, म्हणजे कार्ड जुन्या स्पीडवर चाललंय का?

बिलावर फक्त ‘लॅपटॉप आय५/१६/५१२/३०५०’ एवढंच. दुकानदार म्हणतो, ड्रायव्हर अपडेट करा, आयरिस दिसायला लागेल, बाकी सगळ्यांच्यात असंच असतंय. भांडायला जायच्या आधी कळायला हवं की यातलं काय खरोखर चुकीचं आहे आणि काय माझा गैरसमज.

---

मिरज_जंक्शन

१.१ चं टेन्शन सोडा. काम नसताना कार्ड वीज वाचवायला पीसीआय एक्सप्रेसचा (कार्ड आणि प्रोसेसर जोडणाऱ्या वाटेचा) वेग खाली आणतं. जीपीयू-झेडमध्ये त्या चौकटीशेजारी प्रश्नचिन्ह आहे, ते दाबून रेंडर टेस्ट सुरू करा, आकडा ४.० वर जाईल. टेस्ट चालू असतानाही १.१ च राहिला तरच बोलायचं.

आयरिसचं म्हणाल तर रॅमची एकच पट्टी असेल. १६ ची एक काढून ८-८ च्या दोन टाका, नाव आपोआप बदलेल.

---

सोल्डर_फ्लक्स

दोन पट्ट्यांची गोष्ट बरोबर आहे, पण पैसे घालवायच्या आधी प्रोसेसरचं पूर्ण नाव बघा. ‘आय५ बारावी पिढी’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

इंटेलचा नियम असा की आयरिस एक्सई हे नाव मिळायला प्रोसेसरही त्या लायकीचा लागतो आणि रॅमही ड्युअल चॅनेलमध्ये, म्हणजे एकाच वेळी दोन वाटांनी चालणारी, लागते. रॅम एकाच चॅनेलमध्ये असेल तर तेच ग्राफिक्स ड्रायव्हर ‘यूएचडी’ म्हणून दाखवतो. नुसतं नाव बदलतं असंही नाही. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच खातं, त्यामुळे एक चॅनेल गेलं की वेगही पडतो. हा झाला दुरुस्त होणारा प्रकार.

दुसरा प्रकार दुरुस्त होत नाही. आय५-१२३५यू, १२४०पी, १२५००एच यांच्यात ८० एक्झिक्युशन युनिट (ग्राफिक्सचे गणनाभाग) आहेत, ते आयरिस एक्सई होऊ शकतात. पण १२४५०एच मध्ये ४८ च आहेत आणि तो इंटेलच्याच तपशिलात यूएचडी आहे. तेराव्या पिढीतल्या १३४२०एच चंही तेच. त्यात चार पट्ट्या घाला नाहीतर दहा वेळा ड्रायव्हर टाका, आयरिस येणार नाही.

तेव्हा टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, सीपीयू इथलं पूर्ण नाव सांगा. तिथेच मेमरीवर क्लिक केलं की ‘स्लॉट्स यूज्ड’ दिसतं, तेही सांगा. खात्रीच करायची तर सीपीयू-झेड या माहिती-सॉफ्टवेअरच्या मेमरी टॅबमध्ये चॅनेलचा आकडा बघा. डीडीआर४ असेल तर ड्युअलला ‘२ गुणिले ६४ बिट’ येतं, डीडीआर५ असेल तर ‘४ गुणिले ३२ बिट’. डीडीआर५ ला चार बघून घाबरू नका.

एक जाता जाता: हाच खेळ आता कोअर अल्ट्रा या इंटेलच्या नव्या प्रोसेसरांमध्येही आहे. तिथे एच मालिकेतल्या ठरावीक प्रोसेसरना ‘इंटेल आर्क’ हे नाव मिळतं, तेही किमान १६ जीबी रॅम ड्युअल चॅनेलमध्ये असेल तरच. नाहीतर नुसतं ‘इंटेल ग्राफिक्स’.

---

कृष्णाकाठ_सांगली

सीपीयू: कोअर आय५-१२४५०एच. स्लॉट्स यूज्ड: २ पैकी २. सीपीयू-झेडमध्ये २ गुणिले ६४. आणि रेंडर टेस्ट लावल्यावर ४.० दिसलं, मिरजकरांचे आभार.

---

सोल्डर_फ्लक्स

मग आयरिसचा विषय संपला. रॅम ड्युअल आहे, प्रोसेसर १२४५०एच आहे, म्हणजे पत्रकातला ‘आयरिस एक्सई’ हा शब्द चुकीचाच छापलाय. ड्रायव्हर अपडेट हा सल्ला निव्वळ वेळकाढूपणा.

आता ‘१२ जीबी ग्राफिक्स’. हे गणित कुठून आलं ते टास्क मॅनेजरातच दिसतं: ४.० डेडिकेटेड अधिक ७.८ शेअर्ड, बेरीज ११.८, तिचे झाले १२. शेअर्ड म्हणजे तुमच्याच १६ जीबी रॅमचा अर्धा भाग, जो गरज पडली तर ग्राफिक्स वापरू *शकतं*. तो वेगळा बसवलेला नाही, त्याचे वेगळे पैसे नाहीत, आणि रॅम ३२ केली तर हाच आकडा बसल्या जागी २० जीबीच्या घरात जाईल. कार्डाची खरी मेमरी ४ जीबी जीडीडीआर६. ब्लेंडरमध्ये सीन ४ जीबीच्या वर गेला की एकतर ‘आउट ऑफ मेमरी’ येतं, नाहीतर डेटा पीसीआय एक्सप्रेसवरून रॅमकडे ये-जा करतो आणि रेंडर रांगायला लागतो. त्यामुळे १२ विरुद्ध ४ हा फरक कागदी नाही, कामात जाणवणारा आहे. तुमच्या यादीतला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच.

उलट दिशेचा गैरसमजही होतो म्हणून सांगतो. काही जुनी माहिती-सॉफ्टवेअरं विंडोजमधल्या ३२ बिटांच्या एका रकान्यातून मेमरी वाचतात, त्यात ४ जीबीच्या वरचा आकडा मावतच नाही. ६ किंवा ८ जीबीचं कार्ड तिथे ४ दिसतं. मेमरी नेहमी जीपीयू-झेड किंवा एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्येच बघा.

कार्ड खरंच ३०५० आहे का, हेही एकदा पक्कं करून टाका. कंट्रोल पॅनेल उघडा, हेल्प मेनूमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन. ४ जीबीच्या ३०५० ला कूडा कोअर (कार्डातले गणनाभाग) २०४८ आणि मेमरी इंटरफेस (मेमरीच्या वाटेची रुंदी) १२८ बिट दिसायला हवा. ६ जीबीचा ३०५० वेगळा, त्यात कोअर २५६० पण इंटरफेस ९६ बिट. आणि आरटीएक्स २०५० नावाचं जे आहे, त्यातही कोअर २०४८ च, चिपही त्याच घराण्यातली, फक्त मेमरी इंटरफेस ६४ बिट. म्हणून नुसते कोअर मोजून २०५० आणि ३०५० वेगळे ओळखता येत नाहीत, बिट बघावेच लागतात.

या दोघांची गल्लत दुकानांच्या पत्रकांत का होते, तर मॉडेलची नावं. उदाहरणार्थ आसूसच्या टफ मालिकेत एफएक्स५०६एचसी म्हणजे ३०५० आणि एफएक्स५०६एचएफ म्हणजे २०५०. शेवटचं एक अक्षर! पत्रक बनवणारा जुन्या पत्रकाची कॉपी मारतो, मॉडेल बदलतं, खालच्या ओळी तशाच राहतात.

---

वॅटमीटर

९५ विरुद्ध ६० वर कुणी बोललं नाही, मी घेतो.

लॅपटॉपमधल्या एकाच नावाच्या कार्डाला वेगवेगळी वीजमर्यादा देण्याची मुभा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीला असते. ३०५० लॅपटॉपसाठी एनव्हिडियाने दिलेला पल्ला ३५ ते ८० वॅट. त्यावर डायनॅमिक बूस्टचे, म्हणजे सीपीयू मोकळा असताना त्याच्या वाट्यातून कार्डाकडे वळणारे १५ वॅट धरून ‘९५’ छापतात. ४०५०, ४०६०, ४०७० या तिघांचाही पल्ला ३५ ते ११५, बूस्टचे २५ मिळवले की जाहिरातीतले १४०. पूर्वी कमी वॅटच्या कार्डाला ‘मॅक्स-क्यू’ अशी शेपटी असायची, निदान कळायचं तरी. २०२१ मध्ये ३० मालिका आली तशी ती शेपटी नावातून गेली, आणि वॅट किती हे कंपनीच्या तपशीलपत्रात शोधणं आलं.

६० वॅटचा ३०५० हा नकली नव्हे, खराबही नव्हे. पण पत्रकात ९५ लिहून ६० दिला असेल तर ते चुकीचं वर्णन. आधी मात्र आकडा नीट मोजा, कारण इथे चुकीची मोजणी फार होते:

लॅपटॉपबरोबर आलेलाच अ‍ॅडॉप्टर लावा. बॅटरीवर किंवा ६५ वॅटच्या टाइप-सी चार्जरवर कार्ड मुद्दाम दाबलं जातं. लॅपटॉपच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये परफॉर्मन्स किंवा टर्बो मोड निवडा. ‘सायलेंट’वर काही मॉडेल मर्यादाच खाली आणतात. मग कंट्रोल पॅनेल बंद करून परत उघडा आणि मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर वाचा. एनव्हिडिया-एसएमआयची पॉवरची कमांड माहीत असेल तर चालवा, पण बऱ्याच लॅपटॉपांत तिथे मर्यादेपुढे ‘एन/ए’ येतं. ते आलं म्हणजे काही बिघडलं असं नाही.

नंतर प्रत्यक्ष भार. फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारं सॉफ्टवेअर) १५ मिनिटं, शेजारी जीपीयू-झेडचा सेन्सर्स टॅब. दोनच ओळी बघायच्या: ‘बोर्ड पॉवर ड्रॉ’ (कार्ड घेतंय ती वीज) आणि ‘परफकॅप रीझन’ (वेग कशामुळे अडलाय). आकडा ६० च्या आसपास चिकटून बसला आणि कारण ‘पीडब्ल्यूआर’ आलं, तर मर्यादा खरंच ६० आहे. आकडा आधी चढून मग घसरला आणि कारण ‘थर्म’ आलं, तर प्रश्न गरमीचा. पंख्यात कचरा, पेस्ट वाळलेली, नाहीतर लॅपटॉप गादीवर ठेवलेला. एप्रिल-मेच्या दुपारी सांगलीत बिनएसीच्या खोलीत ही चाचणी करू नका, निकाल यंत्राचा नव्हे, हवेचा येतो. सकाळी करा, लॅपटॉप टेबलावर, मागची बाजू बोटभर उचललेली.

आणि कृपा करून कुणाचं ऐकून दुसऱ्या मॉडेलचं ९५ वॅटचं व्हीबायोस (कार्डाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) टाकू नका. कार्डाला वीज देणारे मॉसफेट आणि कॉइल, हीटपाइप आणि अ‍ॅडॉप्टर हे सगळं ६० धरून बसवलेलं असतं. स्क्रीन काळी पडली तर ते व्हीबायोस परत लिहायला प्रोग्रॅमर लागतो, आणि वॉरंटी तर गेलीच.

व्हीबायोसवरून एक जुनं प्रकरण. २०२१ मध्ये डेलच्या एलियनवेअर एम१५ आर५ लॅपटॉपातल्या ३०७० मध्ये ५१२० ऐवजी ४६०८ कूडा कोअर चालू असल्याचं ग्राहकांनी पकडलं. डेलने व्हीबायोसमधलं सेटिंग चुकल्याचं मान्य करून अपडेट दिला. ते पकडलं गेलं ते कोअरचा आकडा बघूनच. म्हणून सोल्डरभाऊ सांगतायत ते कोअर मोजणं वायफळ नाही.

---

ग्राहक_पेठ

तांत्रिक बाजू झाली, आता कागदाची.

भांडायला जाऊ नका, पत्र घेऊन जा. दुकानात तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं. पत्रात तीनच मुद्दे: (१) पत्रकात आयरिस एक्सई, प्रोसेसर १२४५०एच असल्याने ते अशक्य, (२) पत्रकात १२ जीबी ग्राफिक्स, प्रत्यक्ष ४ जीबी, (३) पत्रकात ९५ वॅट, प्रत्यक्ष ६०. पीसीआय एक्सप्रेसचा मुद्दा अजिबात लिहू नका, एक चुकीचा मुद्दा घातला की समोरचा त्याच्यावरच बोट ठेवून बाकीचे उडवतो.

सोबत जोडायचं: पत्रकाची दोन्ही बाजूंची प्रत, बिलाची प्रत, खोक्यावरच्या स्टिकरचा फोटो (मॉडेल आणि सिरीयल नंबर वाचता येईल असा), आणि स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉट कुठल्या लॅपटॉपचा हा वाद नको म्हणून मोबाइलने एक सलग व्हिडिओ काढा: आधी लॅपटॉप उलटा करून तळाचा सिरीयल नंबर, मग न थांबता सरळ करून कंट्रोल पॅनेल. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर दुकानाचा शिक्का आणि तारीख घ्या. नाहीच दिला तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचल्याचा पुरावा ठेवा.

सिरीयल नंबर कंपनीच्या सपोर्ट साइटवर टाकून मूळ तपशील उतरवून ठेवा. डेलला सर्व्हिस टॅगवर मूळ कॉन्फिगरेशन दिसतं. एचपीच्या प्रॉडक्ट नंबरशेवटी ‘एसीजे’ आणि लेनोवोच्या मॉडेल कोडशेवटी ‘आयएन’ म्हणजे भारतासाठीचा माल. यावरून एक महत्त्वाची गोष्ट ठरते: चूक कंपनीची की दुकानाची. कंपनीच्या पानावर यूएचडी, ४ जीबी, ६० वॅट असंच असेल तर पत्रक दुकानानं चुकीचं छापलंय, आणि कंपनीला मेल करून उपयोग नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणारी जाहिरात कलम २(२८) मध्ये आणि अनुचित व्यापारी प्रथा २(४७) मध्ये आहे. बिलाखाली ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ छापलं असलं तरी सदोष मालाबाबत त्या ओळीच्या आड लपता येत नाही. परतीची मुदत बिलावर लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरले जातात, तेव्हा पत्र त्याच्या आत द्या.

दुकानानं दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मराठीत बोलता येतं. तिथून दुकानाकडे विचारणा जाते आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात, पण हेल्पलाइन निवाडा देत नाही हे लक्षात ठेवा. त्यापुढे सांगलीचा जिल्हा ग्राहक आयोग. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही भरता येतो.

ऑनलाइन घेतलं असतं तर ई-कॉमर्स नियम २०२० लागले असते. त्यात जाहिरातीतल्या वैशिष्ट्यांप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच व महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. इतर वाचणाऱ्यांसाठी लिहिलं.

---

जतचा_पाटील

मध्येच विचारतोय, सेकंडहँड वर्कस्टेशन घ्यायचंय. विकणारा डिव्हाइस मॅनेजरचा स्क्रीनशॉट पाठवतोय, त्यात कार्डाचं नाव बरोबर आहे. एवढं पुरे का?

---

सोल्डर_फ्लक्स

नाही पाटील. डिव्हाइस मॅनेजरात दिसणारं नाव ड्रायव्हरच्या फायलीतून येतं, ती फाइल बदलून काहीही नाव लिहिता येतं. नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स टॅब, आणि यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडायला सांगा. त्यात पहिला कोड कंपनीचा: एनव्हिडिया १०डीई, एएमडी १००२, इंटेल ८०८६. दुसरा कोड चिपचा. उदाहरणार्थ ३०५० ला २५ए२ किंवा २५ए५, २०५० ला २५ए९, पण एकाच नावाला आणखीही कोड असू शकतात. तुमच्या कार्डाचा कोड आधी शोधून ठेवा आणि ताडून बघा.

समोरासमोर घेत असाल तर पेनड्राइव्हवर उबुंटू नेऊन त्यावरून लॅपटॉप चालू करा आणि टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय (जोडलेल्या कार्डांची यादी देणारी कमांड) चालवा. विंडोजमध्ये केलेली कसलीही रंगसफेदी तिथे चालत नाही. शिवाय बायोसमध्ये दिसणारा सिरीयल नंबर आणि तळाच्या स्टिकरवरचा एकच आहे का ते बघा. वेगळा असेल तर बहुधा मदरबोर्ड बदललेला आहे. वर्कस्टेशनांत एकाच मॉडेलला कार्डवाला आणि बिनकार्डाचा असे दोन बोर्ड येतात, आणि वरचा सांगाडा मात्र ‘क्वाड्रो’च्या (एनव्हिडियाच्या व्यावसायिक कार्डाच्या) स्टिकरसकट तसाच राहतो.

उलटंही घडतं बरं का. कार्ड यादीत दिसलंच नाही म्हणून लगेच चोर म्हणू नका. आसूसच्या आर्मरी क्रेटमध्ये इको मोड किंवा लेनोवोच्या व्हँटेजमध्ये फक्त आतलं ग्राफिक्स चालू ठेवायचा मोड असेल तर एनव्हिडिया कार्ड डिव्हाइस मॅनेजरातून गायबच होतं. मोड बदलून रीस्टार्ट करा, मग बोला.

---

कृष्णाकाठ_सांगली

पत्र तयार करतोय. परफॉर्मन्स मोड, मूळ अ‍ॅडॉप्टर, तरी ६० च, कारण ‘पीडब्ल्यूआर’. कूडा २०४८, इंटरफेस १२८ बिट, म्हणजे ३०५० खरा आहे. कंपनीच्या पानावर यूएचडी आणि ४ जीबी असंच आहे, ६० वॅटही तिथे लिहिलंय.

दोन प्रश्न राहिले. मागायचं काय, बदली की पैसे? आणि सॉलिडवर्क्स उघडल्यावर टास्क मॅनेजरात भार जीपीयू ० वरच दिसतो, ३०५० झोपूनच असतो. हाही दोष म्हणायचा का?

---

ग्राहक_पेठ

पत्रात पर्याय क्रमानं लिहा: आधी पूर्ण परतावा, नाहीतर पत्रकातल्या वर्णनाचं दुसरं मॉडेल, नाहीतर किमतीतला फरक. मात्र ‘आयरिस एक्सई, १२ जीबी, ९५ वॅट’ असा ३०५० चा लॅपटॉप मागूच नका. १२ जीबीचा ३०५० लॅपटॉपसाठी बनतच नाही, दुकानदार तेच धरून बसेल. ६ जीबीच्या ३०५० चं किंवा ४०५० चं मॉडेल नावानिशी लिहा आणि वरचे पैसे किती देणार तेही लिहा. सांगलीच्या बाजारात गिऱ्हाईक सोडायची तयारी फार थोड्या दुकानांची असते, इथवर बहुतेक प्रकरण मिटतं.

---

वॅटमीटर

सॉलिडवर्क्सचा दोष नाही, तो मुद्दा पत्रात नको. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जा, सॉलिडवर्क्सची मुख्य फाइल यादीत घाला, ऑप्शन्समधून ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा, खाली ३०५० चंच नाव दिसतंय का बघून सेव्ह करा. सॉलिडवर्क्स बंद करून परत उघडा. ब्लेंडरला याशिवाय प्रेफरन्सेस, सिस्टिममध्ये जाऊन कूडा किंवा ऑप्टिक्स (दोन्ही एनव्हिडिया कार्डावर रेंडर करायच्या पद्धती) निवडावं लागतं आणि रेंडर प्रॉपर्टीजमध्ये डिव्हाइस ‘जीपीयू कॉम्प्युट’ करावं लागतं, नाहीतर सगळा रेंडर सीपीयूच ओढत बसतो.

लॅपटॉप परत जाणार असेल तर हे सगळं आधी करू नका, ब्लेंडरच्या फायली तेवढ्या काढून घ्या आणि रीसेट मारायच्या आधी तो सलग व्हिडिओ उरकून ठेवा.